कामाचा दोर आणि जिवाचा दोर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात, पूर्णा येथे, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला सांगितलं होतं की, आपल्या कामातली एक उपयोगाची गोष्ट वीस मिनिटांत सांगायची. आपल्या डॉक्टर मित्रानं साखरेबद्दल सांगितलं. बँकेतल्या मैत्रिणीनं फोनवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सांगितलं. माझी पंचाईत अशी की, माझ्या कामाचा आपल्या गावाशी काही संबंध आहे असं वरवर तरी दिसत नाही. मी शिडाच्या बोटींच्या डोलकाठ्यांवर चढतो. सकाळपासून चार जणांनी विचारलं, "अरे, पण म्हणजे नेमकं करतोस काय?" तर तेच सांगतो. आणि शेवटी हा विषय पूर्णेपर्यंत आणून सोडतो, म्हणजे वीस मिनिटं फुकट गेली असं वाटणार नाही.

समुद्र आपल्यापासून देवगिरी एक्स्प्रेसच्या एका रात्रीवर आहे. मी त्या गाडीनं गेलो, नौदलात पंधरा वर्षं खलाशी म्हणून काढली, आणि निवृत्तीनंतर गोव्यात बोटींच्या दुरुस्तीच्या कामात पडलो. या कामाला रिगर म्हणतात. डोलकाठी, तिला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, शिडं वर-खाली करणारे दोर आणि त्यांच्या कप्प्या, हे सगळं सांभाळणारा तो रिगर.

आपल्याकडच्या जुन्या गलबतांवर, मचव्यांवर शीड आणि त्याची आडवी काठी दोरानं खाली उतरवता येते. त्यामुळे बरंचसं काम खाली, पायाखाली फळी असताना होतं. आजच्या बोटींचं तसं नाही. त्यांची डोलकाठी ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची, आतून पोकळ. दोर तिच्या पोटातून वर जातात. टोकाला कप्प्या, दिवा, वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र, रेडिओची अँटेना. खारा वारा स्टीललाही सोडत नाही. वरच्या एका खिळीला केसाएवढी चीर पडली आणि ती वेळेवर दिसली नाही, तर भर समुद्रात अख्खी डोलकाठी आडवी होऊ शकते. म्हणून कुणीतरी वर जाऊन डोळ्यांनी पाहावं लागतं. त्याला पर्याय नाही.

ही उंची किती असते? आपल्या नौदलाची 'तारिणी' ही बोट तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. गोव्यात बांधलेली, ५५ फुटांची. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोघींनी तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची डोलकाठी २५ मीटरची आहे. म्हणजे आठ मजली इमारत. फरक इतकाच की इमारत हलत नाही. बोट दोन्ही बाजूंना नुसती दहा-दहा अंश कलली, तरी २५ मीटरवरचं टोक या कडेपासून त्या कडेपर्यंत साडेआठ मीटरांहून जास्त झोका घेतं. खाली कप्प्यातला चहा सांडत नाही, आणि वरचा माणूस मात्र डोलकाठीला मिठी मारून बसलेला असतो.

आणि पडला तर? २० मीटरवरून खाली यायला दोन सेकंद लागतात. खाली पोहोचताना वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. हे गणित आपल्याला नववीत शिकवलं होतं, सर. तेव्हा ते पाच मार्कांचं होतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. जागेचं आणि माणसांचं नाव घेणार नाही. एका यार्डात मी एका बोटीवर काम करत होतो आणि शेजारच्या बोटीवर एक चोवीस वर्षांचा मुलगा डोलकाठीच्या मधोमध दिव्याची वायर बदलत होता. तो एकाच दोरावर लटकलेला होता. तो दोर खाली एका खटक्यात अडकवलेला होता. बोटीवर असे खटके ओळीनं सहा-सात असतात, दिसायला सगळे सारखे. खालच्या मदतनिसाला दुसरा कुठला तरी दोर मोकळा करायचा होता. त्यानं खटका उघडला, तो नेमका या मुलाच्या दोराचा निघाला. आठ मीटरवरून तो मुलगा डेकवर आला. मी धावत गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता आणि म्हणत होता, "माझे पाय कुठे गेले?" पाय जागेवरच होते. पण ते आजपर्यंत पुन्हा चाललेले नाहीत.

मित्रांनो, यात कुणी दारू प्यालेलं नव्हतं. कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती. दोरही चांगला होता. आजचा दहा-बारा मिलिमीटरचा चांगला दोर टनाहून जास्त वजन पेलतो. ऐंशी किलोच्या माणसानं तो तुटत नाही. दगा देते ती दुसरीच वस्तू. खटका, कप्पी, कडी, गाठ, नाहीतर खालच्या माणसाचं लक्ष. त्या मुलाच्या अंगाला दुसरा दोर असता, वेगळ्या कप्पीतून आलेला आणि वेगळ्या जागी बांधलेला, तर तो हातभर खाली घसरला असता, चार शिव्या दिल्या असत्या आणि पुन्हा कामाला लागला असता.

म्हणून आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की, एक दोर कामाचा आणि एक दोर जिवाचा. कामाचा दोर तुम्हाला वर नेतो. जिवाचा दोर काहीच करत नाही, नुसता बरोबर येतो. आणि दोन्ही एकमेकांपासून पूर्ण वेगळे हवेत. दोन दोर एकाच कप्पीवरून गेले किंवा एकाच कडीला बांधले, तर ते दोन दोर नव्हेत, तो एकच दोर आहे. ही एक गोष्ट आज घरी घेऊन गेलात, तरी माझं भाषण सार्थकी लागलं.

आता प्रत्यक्ष चढण्याची पद्धत सांगतो.

सगळ्यात आधी स्वतःला विचारायचं की, वर न जाता हे काम होईल का? पुष्कळदा होतं. उदाहरणार्थ, डोलकाठीतला जुना दोर बदलायचा आहे. नवखा माणूस जुना दोर ओढून काढतो आणि मग नवा ओवायला वर चढतो. जाणता माणूस नव्या दोराचं टोक जुन्याच्या टोकाला सुई-दोऱ्यानं शिवतो, वरून चिकटपट्टी गुंडाळतो आणि जुना दोर सावकाश ओढतो. जुना बाहेर येतो, त्याच्यामागे नवा आपोआप कप्पीतून ओवला जातो. पाय जमिनीवरच. मोठं काम असेल तर क्रेननं डोलकाठीच उतरवून आडवी करायची. माणसाला वर नेण्यापेक्षा काम खाली आणलेलं केव्हाही चांगलं.

जायचंच ठरलं, तर अंगाला पूर्ण पट्टा हवा. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या धरणारा, ज्याला हार्नेस म्हणतात. तो आयएसआय मार्कचा घ्यावा, त्यासाठीचं भारतीय मानक आयएस ३५२१ आहे. नुसता कमरेचा पट्टा चालत नाही. पडताना माणूस त्यात मधोमध दुमडतो किंवा त्यातून निसटतो. बोटीवर बसायला एक झोपाळ्यासारखी फळी असते, तिला बोसन चेअर म्हणतात. तासभर काम असेल तर ती सोयीची पडते, पण तिच्यातून माणूस उलटा होऊन बाहेर पडू शकतो. म्हणून फळी असली तरी पट्टा अंगावर हवाच.

वर जाण्याआधी दोन्ही दोर पूर्ण लांबीचे ओढून हातातून फिरवायचे. डोळ्याला न दिसलेली झीज बोटांना कळते. चढण्यासाठी असा दोर निवडायचा, जो डोलकाठीच्या टोकातल्या पक्क्या कप्पीवरून येतो. बाहेर कडीला लोंबणाऱ्या कप्पीवर कमी भरवसा ठेवायचा. दोराच्या टोकाला पटकन उघडणारा खटका असतो, शीड अडकवायला. तो माणसासाठी नाही. दोर थेट पट्ट्याला गाठ मारून बांधायचा आणि गाठीपुढे वीतभर टोक सोडायचं. आपल्या बापजाद्यांनी मोटेचा नाडा असाच बांधला असणार. सुटणारी गाठ आणि न सुटणारी गाठ यांतला फरक शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

खाली दोन माणसं हवीत. एक विंच फिरवून कामाचा दोर ओढतो. विंच म्हणजे उभा ढोल, त्यावर दोराचे तीन-चार वेढे घ्यायचे. दुसरा माणूस जिवाचा दोर आपल्या वेगळ्या विंचवर घेतो आणि सतत ढील काढत राहतो. मोटरवर चालणारी विंच असेल तर ती माणसासाठी वापरायची नाही. दोर कुठे अडकला तर हाताला कळतं, मोटरला कळत नाही. ती ओढतच राहते.

मग अर्धा मीटर वर उचलून थांबायचं. वरच्यानं अंग झोकून दोन-चार हिसके द्यायचे. जे काही सुटायचं असेल ते अर्ध्या मीटरवर सुटू दे. त्यानंतरच पुढे.

बोलायचे शब्द आधी ठरवून घ्यायचे. "वर", "खाली", "थांब". बस, तीनच. "थांब" कुणीही म्हणालं, अगदी धक्क्यावरून जाणारा पोरगा म्हणाला, तरी थांबायचं. मोबाइल खिशात नाही, दूर ठेवायचा. बोटीचं रडार आणि इंजिन बंद. आम्ही मांडवी नदीत काम करतो, तिथे फेरीबोटी आणि बार्जेस सारख्या जातात. त्यांच्या लाटेनं खालचा एक हेलकावा वर दहा हेलकाव्यांएवढा लागतो. म्हणून भल्या सकाळी, वारा उठायच्या आत काम उरकतो. ढग गडगडले की खाली.

वर पोहोचल्यावर एक आखूड पट्टी डोलकाठीभोवती घेऊन स्वतःला अडकवायचं, म्हणजे झोका बसत नाही. प्रत्येक हत्यार दोरीनं पट्ट्याला बांधलेलं हवं. वरून निसटलेला अर्ध्या किलोचा पाना खालच्याचं डोकं फोडतो. डोलकाठीच्या पायथ्याशी कुणीही उभं राहायचं नाही, मालक असला तरी नाही. आणि पाय हलवत राहायचे. पट्ट्यात निश्चल लटकलं की रक्त पायांत साचतं, चक्कर येते. वरचा माणूस बेशुद्ध झाला तर त्याला खालूनच उतरवता आलं पाहिजे, म्हणून दोर्‍यांची सूत्रं खालच्यांच्या हातात.

उतरताना जास्त जपायचं. काम झालेलं असतं, भूक लागलेली असते. खटका उघडण्याआधी दोराचे वेढे विंचवर आहेत ना ते पाहायचं, खटक्यावर हात ठेवून त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि मगच उघडायचं. त्या यार्डात ही एक सवय असती तरी तो मुलगा आज चालत असता.

कुणी विचारेल, खाली माणूसच नसेल तर? तसंही असतं. आपल्या मराठी माणसानं, कमांडर दिलीप दोंदे यांनी, २००९ साली मुंबईहून 'म्हादेई' बोटीत एकट्यानं प्रयाण केलं आणि पृथ्वीला फेरी मारून मे २०१० मध्ये ते परतले. अशी एकट्यानं प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. एकट्या दर्यावर्दीला दोर धरायला दुसरं कुणी नसतं. तो दोर खाली घट्ट बांधून टाकतो आणि त्यावर पकड घेणाऱ्या दोन चापांनी स्वतः वर सरकतो. पण तिथेही नियम तोच. दुसरा दोर वेगळा बांधलेला असतो आणि त्यावर बारीक दोरीचा एक फास. या फासाला प्रुसिक म्हणतात. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियाच्या गिर्यारोहकानं १९३१ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. हातानं सरकवला की सरकतो, वजन पडलं की आवळतो. पाच रुपयांची दोरी माणसाचा जीव धरून ठेवते. एकटा असूनही दर्यावर्दी जिवाचा दोर सोडत नाही. मग आपण तर गावात, चार माणसांत राहतो.

शिडांच्या मोठ्या जहाजांवर एक जुनी म्हण आहे, एक हात जहाजाला आणि एक हात जिवाला. मी ती ऐकली तेव्हा मला वडील आठवले. ते इथं रेल्वेत लॅम्पमन होते, तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिलं आहे. संध्याकाळी घासलेटचा दिवा घेऊन सिग्नलच्या लोखंडी शिडीवर चढायचे. एक हात दिव्याला, एक हात शिडीला. "सिग्नल पडला का?" असं आपण रोज विचारायचो, पण त्या पाटीमागचा दिवा लावायला कोण चढतं, हे कुणी विचारत नसे. पुढे ते सिग्नल गेले. आता आपल्या स्टेशनात विजेच्या तारा आल्या आहेत आणि गंमत म्हणजे त्या तारांच्या खांबांना रेल्वेवाले 'मास्ट'च म्हणतात. म्हणजे डोलकाठी पूर्णेला आली!

आता खरं कामाचं बोलतो. पूर्णेत आणि आसपासच्या गावांत उंचीवर किंवा खोलीत काम करणारी माणसं मोजून बघा. विजेच्या खांबावरचा वायरमन. मोबाइल टॉवरवरचा पोरगा. छतावर सोलरच्या पाट्या बसवणारा. पाण्याची टाकी धुणारा. घर रंगवणारा. आणि विहिरीत यारीच्या दोरावर उतरणारा कामगार. विहीर म्हणजे उलटी डोलकाठीच. तिथेही एकच दोर, एकच कप्पी, आणि वर एक माणूस, ज्याचा फोन कधीही वाजू शकतो.

या समोर बसलेल्यांत कुणी कंत्राटदार आहे, कुणी सरपंच, कुणी इंजिनिअर, कुणी मुख्याध्यापक. ही माणसं तुमच्या सांगण्यावरून वर चढतात. "दोन मिनिटांचं तर काम आहे," असं आपण म्हणतो आणि तो चढतो. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण संध्याकाळची मजुरी तुमच्या हातात असते. म्हणून जिवाचा दोर मागण्याची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नका. तो तुम्हीच द्यायचा. दोर आणि पट्टा नसेल, तर त्या दिवशी काम नाही, एवढं एकदा ठरवून टाका.

शेवटची गोष्ट आपल्या मनाजवळची आहे. गावोगावच्या शाळांत १४ ऑगस्टच्या संध्याकाळी एकच धावपळ असते. झेंड्याच्या खांबाचा दोर कप्पीतून निसटलेला असतो. मग वर्गातला सगळ्यात चपळ पोरगा बोलावतात आणि तो सरसर वर जातो. सगळे टाळ्या वाजवतात. मी चपळ होतो, मीही चढलो आहे, आणि तेव्हा छाती फुगली होती. आज हे काम करून पोट भरतो म्हणून सांगतो, ते पोरानं करायचं काम नाही. त्याच्या अंगाला एकही दोर नसतो.

हे बंद करणं फार सोपं आहे. झेंड्याच्या दोराची दोन्ही टोकं एकत्र बांधून ठेवली की तो कधी निसटत नाही. दोर बदलायचा तर जुन्याला नवा शिवून ओढायचा, मघाशी सांगितलं तसा. जुलैतच एकदा तपासायचा. आणि नवा खांब करायचा असेल तर तळाशी बिजागरी आणि खिळी ठेवायची, म्हणजे खांबच आडवा करून कप्पी बघता येते. गावातला कुठलाही वेल्डर हे करून देईल.

आपल्या बॅचनं शाळेला काय द्यायचं, याची चर्चा सकाळपासून चालली आहे. पंखे, संगणक, कमान, अशा सूचना आल्या. माझी सूचना छोटी आहे. तालुक्यातल्या ज्या शाळा हो म्हणतील, त्यांचे ध्वजस्तंभ पुढच्या १५ ऑगस्टच्या आत बिजागरीचे करून द्यायचे. त्याशिवाय दोन चांगले हार्नेस आणि चाळीस-चाळीस मीटरचे दोन दोर आपल्या शाळेत ठेवायचे. ज्याला टाकीवर, टॉवरवर किंवा विहिरीत माणूस पाठवायचा आहे त्यानं ते सही करून न्यावेत आणि परत आणून द्यावेत. दोर मी आणतो. वापरायचे कसे, ते शिकवायला दर दिवाळीला येतो. मुक्काम घरीच असतो, चहा फक्त पाजा.

इच्छुकांनी आपली नावं जेवणाच्या मंडपाशेजारी ठेवलेल्या वहीत लिहावीत. पहिलं नाव मी लिहून आलो आहे.

सर, बाई, तुम्ही शिकवलेलं गणित कामी येतंय.